कर्ता नसलेली वाक्यं



आजच्या विषयाचं नाव जरा सरकारी वळणाचं आहे: वाचनाचा प्रसार करणाऱ्या युरोपातल्या संस्थांचं आंतरराष्ट्रीय सहकार्य. नाव ऐकलं की परिषद, गटचर्चा, ठराव आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ते खोटं नाही. पण आम्ही या विषयात संस्थांच्या इतिहासाच्या दाराने शिरणार नाही, त्यांनी लिहिलेल्या मजकुराच्या दाराने शिरणार आहोत. समीक्षकांनी कथा-कविता वाचाव्यात आणि जाहीरनामे अधिकाऱ्यांसाठी सोडून द्यावेत, अशी एक वाटणी आपल्याकडे कोणी न करताच झालेली आहे. ती आम्हांला मान्य नाही. जाहीरनामाही कोणीतरी बसून लिहिलेला असतो. त्यात क्रियापदं असतात. आणि क्रियापदाला कर्ता आहे की नाही, हे सातवीतलं मूलही तपासू शकतं.

तर दोन मजकूर समोर घेऊ. पहिला म्हणजे येला लेपमन या बाईंचं आठवणींचं पुस्तक. १९६४ साली जर्मनमध्ये निघालं, नावाचा अर्थ साधारण ‘बालपुस्तकांचा पूल’ असा. दुसरा मजकूर म्हणजे साक्षरतेच्या हक्काचा युरोपीय जाहीरनामा, २०१६ सालचा. दोघांचं म्हणणं वरवर एकच दिसतं: मुलांनी वाचायला हवं, आणि त्यासाठी देशांनी एकत्र यायला हवं. दोघांच्या मध्ये अर्धशतक आहे. या अर्धशतकात त्या म्हणण्यातून दोन गोष्टी गळून पडल्या, असं आम्हांला दिसतं. कोणत्या, ते ओघाने येईलच.

आधी लेपमनबाई. जन्म १८९१, श्टुटगार्टचा. पेशाने पत्रकार, घराणं ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. १९४५च्या शरदात त्या परत आल्या त्या अमेरिकन सैन्याच्या गणवेशात, स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांवरच्या सल्लागार म्हणून. समोर काय होतं? पडलेली शहरं, उपाशी मुलं, आणि शाळांमधून नाझी पुस्तकं काढून टाकल्यावर उरलेली रिकामी कपाटं. बाईंनी ठरवलं की जगभरच्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं. पैसे नव्हते. मग त्यांनी वीस देशांना पत्रं लिहिली. पत्राचा मथितार्थ असा, की या मुलांनी युद्ध केलेलं नाही. तुमच्या देशाची उत्तम बालपुस्तकं पाठवा. शांततेचे पहिले दूत म्हणून ती येतील.

बहुतेकांनी होकार दिला. बेल्जियमने नाही म्हटलं. जर्मनांनी आमच्यावर दोनदा आक्रमण केलंय, आम्ही का पाठवू? नकार अगदी रास्त होता. इथे दुसरं कोणी असतं तर यादीतून बेल्जियम खोडून पुढे गेलं असतं. बाईंनी पुन्हा पत्र लिहिलं. या मुलांना नवी सुरुवात करू दिली नाही तर तुमच्यावर तिसऱ्यांदा आक्रमण होईल, असं त्या पत्राचं सार. बेल्जियमची पुस्तकं आली.

जुलै १९४६ मध्ये प्रदर्शन उघडलं ते म्युनिकच्या ‘हाउस डेअर कुन्स्ट’ या इमारतीत. ही इमारत हिटलरने ‘जर्मन कले’साठी बांधून घेतलेली. तिथे शत्रूराष्ट्रांची चारेक हजार चित्रपुस्तकं मांडली गेली. त्याच वर्षीच्या नाताळात बर्लिनमध्ये प्रदर्शन गेलं, तेव्हा मुलांना हातात द्यायला काहीतरी हवं होतं. म्हणून बाईंनी फुलांचा वास घेत बसणाऱ्या, झुंजायला नकार देणाऱ्या फर्डिनंड नावाच्या बैलाची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये आणली, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून वाटल्या. पुढे १९४९ मध्ये म्युनिकला आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं, आणि १९५३ मध्ये झ्युरिकला ‘इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल’ ही संस्था. हिला सगळे ‘इबी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार देणारी ती हीच.

एक गंमत मध्येच सांगितली पाहिजे. एरिश केस्टनर यांचं १९४९ सालचं ‘प्राण्यांची परिषद’ हे पुस्तक आपल्यापैकी काहींना माहीत असेल. माणसांच्या परिषदा एकामागून एक फसतात, म्हणून प्राणी स्वतःची परिषद भरवतात, आणि विषय एकच ठेवतात: मुलं. शेवटी ते जगातली सगळी मुलं लपवून ठेवतात, तेव्हा कुठे माणसं करारावर सह्या करतात. ही कल्पना केस्टनरना सुचवली होती लेपमनबाईंनीच. म्हणजे आंतरराष्ट्रीय सहकार्याची एवढी मोठी संस्था उभी करणाऱ्या बाईचा परिषदांवर किती विश्वास होता, ते यावरून कळतं.

आता या पुस्तकाचं देव्हाऱ्यात ठेवून चालणार नाही. त्यात कथनाचा झोत सदैव बाईंवर आहे. दारं उघडतात ती त्यांच्या हजरजबाबीपणाने, अडथळे दूर होतात ते त्यांच्या हट्टाने. त्यांच्या पाठीशी विजेत्या सैन्याची सत्ता होती, पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानचे पैसे आले, याचा भार पुस्तकाच्या सुरात फारसा जाणवत नाही. पराभूत देशाच्या मुलांनी काय वाचावं हे जेते ठरवत होते, ही गोष्ट बाईंना टोचत नाही. आणि चांगलं पुस्तक वाचलं की माणूस चांगला होतो, या श्रद्धेवर सगळा पूल उभा आहे. ती श्रद्धा भाबडी आहे.

पण, आणि हा ‘पण’ आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, साक्षरता पुरेशी नाही हे बाईंना पक्कं माहीत होतं. १९३३ सालचा जर्मनी हा निरक्षरांचा देश नव्हता. जगातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या, वाचणाऱ्या देशांपैकी तो एक होता. भर चौकात पुस्तकांच्या होळ्या करणाऱ्यांमध्ये विद्यापीठाचे विद्यार्थी पुढे होते. त्यामुळे ‘मुलांना वाचता आलं पाहिजे’ हे वाक्य लेपमनबाईंच्या तोंडी येत नाही. त्यांचा प्रश्न असतो: मुलं काय वाचणार, आणि ते त्यांच्या हातात कोण देणार? त्यांच्या पानापानावर पुस्तकांची नावं आहेत आणि माणसांची नावं आहेत. पाठवणारा, नाकारणारा, छापणारा, वाटणारा. सगळे कर्तरी प्रयोग.

आता उडी मारू. मधला इतिहास भरभर सांगतो, कारण त्यात कथेपेक्षा संक्षेपाक्षरंच जास्त आहेत. १९५६ मध्ये अमेरिकेत वाचनशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली; तिच्या युरोपातल्या राष्ट्रीय शाखा हळूहळू एकमेकींशी बोलू लागल्या आणि त्यातून आजचा युरोपीय साक्षरता संघटनांचा महासंघ आला. शिक्षक आणि संशोधक दर दोनेक वर्षांनी एखाद्या शहरात भेटतात. २००० साली ‘युरीड’ हे दुसरं जाळं झालं. ते वाचनप्रसार करणाऱ्या संस्थांचं. जर्मनीची ‘श्टिफ्टुंग लेझन’, ब्रिटनची ‘बुकट्रस्ट’, नेदरलंड्सची ‘श्टिख्टिंग लेझन’ वगैरे मंडळी त्यात.

आणि त्याच वर्षी ‘पिसा’ चाचणी पहिल्यांदा झाली. पंधरा वर्षांच्या मुलांची, देशोदेशी एकसारखी. २००१च्या डिसेंबरात निकाल आले आणि जर्मनी सरासरीच्याही खाली निघाला. गटे-शिलरचा देश! वर्तमानपत्रांनी ‘पिसाचा धक्का’ असा शब्दच रूढ केला. इथून पुढे युरोपात वाचन हा सांस्कृतिक विषय राहिला नाही, तो टक्केवारीचा विषय झाला. २००९ मध्ये युरोपीय संघाने लक्ष्य ठरवलं: वाचनात कच्च्या मुलांचं प्रमाण २०२० पर्यंत १५ टक्क्यांच्या खाली आणायचं. २०११ मध्ये नेदरलंड्सच्या राजकन्या लॉरेंटीन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा उच्चस्तरीय गट नेमला गेला. त्याच्या २०१२च्या अहवालाने एक आकडा सगळीकडे पोचवला: पाचांतलं एक मूल आणि जवळपास साडेसात कोटी प्रौढ यांना नीट लिहिता-वाचता येत नाही. मग २०१४ मध्ये ‘एलिनेट’ हे जाळं, कोलोन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली, २८ देशांतल्या ७८ संस्थांचं. युरोपीय संघाचा निधी दोन वर्षांचा. त्या दोन वर्षांतून जो मजकूर निघाला तोच आपला जाहीरनामा. त्याच्याबरोबर देशवार अहवालही निघाले. ते जास्त उपयोगाचे आहेत, आणि अर्थातच कमी वाचले जातात.

जाहीरनाम्यात हक्काची घोषणा आहे आणि तो हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी अकरा अटी आहेत. शब्दशः नाही, आशय सांगतो. लहान मुलांना घरी भाषेसाठी, वाचनासाठी प्रोत्साहन दिलं जातं. पालकांना मदत मिळते. परवडणारी चांगली बालवाडी सगळ्यांना असते. शिक्षकांना उत्तम प्रशिक्षण मिळतं. आनंदासाठीच्या वाचनाला उत्तेजन दिलं जातं. ग्रंथालयं सर्वांना खुली आणि सुसज्ज असतात. मागे पडणाऱ्या मुलांना पुराव्यावर आधारलेली मदत मिळते. असं करत करत शेवटची अट येते: धोरणकर्ते, व्यावसायिक, पालक आणि समाज एकत्र काम करतात.

यातल्या एकाही गोष्टीला कोणी विरोध करील का? आम्ही बराच प्रयत्न केला, जमलं नाही. आणि तिथेच आम्हांला शंका आली. ज्या वाक्याला विरोध करताच येत नाही, ते वाक्य काय सांगतं?

मराठी व्याकरणाच्या भाषेत बोलायचं तर ही बहुतेक वाक्यं कर्मणी आहेत. दिलं जातं, मानलं जातं, केलं जातं. किंवा ‘मिळतं’. हे क्रियापद तर फारच सोयीचं, कारण देणारा कोण हे विचारावंच लागत नाही. अकरावी अट तेवढी कर्तरी आहे, पण तिच्यात कर्ते इतके आहेत की पुन्हा कोणीच उरत नाही. चौघांच्या खांद्यावर दिलेलं ओझं, त्यात प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने धरलंय.

हे लेखकांचं आळशीपण आहे का? नाही. इथे आम्हांला जाहीरनाम्याची बाजूही मांडली पाहिजे. युरोपीय संघाच्या करारातलं १६५ वं कलम सांगतं की शिक्षणात काय शिकवायचं आणि शिक्षणाची रचना कशी ठेवायची, ही सदस्य देशांची जबाबदारी. संघाने सहकार्याला उत्तेजन द्यावं, पूरक मदत करावी. देशांचे कायदे एकसारखे करायला जाऊ नये. म्हणजे संघाच्या पैशावर चालणारं जाळं फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्याला ‘तू हे कर’ असं सांगूच शकत नाही. जर्मनीत तर शिक्षण बर्लिनच्याही हातात नाही, सोळा राज्यांच्या हातात आहे. मग वाक्याला कर्ता आणायचा कुठून? कर्मणी प्रयोग ही या लोकांची शैली नाही, ती त्यांची कायदेशीर हद्द आहे. ज्यांना आज्ञा करता येत नाही ते आशयाला विशेषणं लावतात: उच्च दर्जाचं, परवडणारं, परिणामकारक.

आम्हांला खरी तक्रार आहे ती दुसऱ्या गळतीची. या अकरा अटींच्या मथळ्यांत ‘पुस्तक’ हा शब्द नाही. कोणत्या भाषेतलं वाचन, हेही नाही. भाषा आहे, पण ती ‘भाषाविकास’ अशा जोडशब्दात, जणू सगळी मुलं एकच भाषा घेऊन येतात. बर्लिनच्या नॉयक्योल्नमधलं तुर्की बोलणारं मूल, मार्सेयमधलं अरबी बोलणारं मूल, यांच्या घरी ‘प्रोत्साहन दिलं जातं’ ते कोणत्या भाषेत द्यायचं? हा प्रश्न युरोपातल्या प्रत्येक बालवाडीत रोज सकाळी उभा राहतो. अठ्ठावीस देशांची सही घ्यायची असेल तर मात्र तो न विचारणंच बरं.

भाषेचं हे दुखणं थेट ‘लिटरसी’ या शब्दापर्यंत जातं. इंग्रजीत या एका शब्दात अक्षरओळख, समजून वाचणं, लिहिणं, सगळं मावतं. जर्मनमध्ये काय? प्रौढांना अक्षरं शिकवायची तर ‘आल्फाबेटिझीरुंग’. शाळेत मोजायची ती ‘लेझेकॉम्पेटेन्त्स’. वाचनाची गोडी लावायची तर ‘लेझेफ्योर्डरुंग’. तीन शब्द, आणि तिन्ही कामं करणारी माणसं वेगळी, त्यांचे निधी वेगळे, त्यांची संमेलनं वेगळी. फ्रेंचमध्ये आणखी टोकदार भेद आहे. कधी शाळेतच न गेलेला माणूस वेगळा, आणि शाळा करूनही वाचता न येणारा वेगळा. या दुसऱ्यासाठी ‘इलेत्रिस्म’ हा शब्द १९७८ साली गरिबांमध्ये काम करणाऱ्या ‘आतेदे कार मोंद’ या संघटनेने घडवला. हा शब्द म्हणजे शाळेवरचं आरोपपत्र होतं. तुम्ही याला दहा वर्षं वर्गात बसवलंत, आणि हा असा बाहेर आला. २०१३ मध्ये फ्रेंच सरकारने या प्रश्नाला वर्षाचं ‘राष्ट्रीय महाकार्य’ म्हणून मान्यता दिली. पण युरोपीय मजकुरात शिरताना तो शब्द ‘कमी साक्षरता’ होतो आणि आरोपपत्र गळून पडतं.

आपण तरी काय करणार? मराठीत आम्ही आता ‘साक्षरतेचा हक्क’ म्हणालो तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे अंगठ्याऐवजी सही करणारे आजोबा आले असतील. आपला ‘साक्षर’ जनगणनेच्या रकान्यात राहतो. दुसऱ्या टोकाला ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द आहे, तो दिवाळी अंकांच्या अग्रलेखात राहतो. मधली जागा, म्हणजे अक्षरं येतात पण दोन पानांचा करार वाचून समजत नाही, तिला आपल्याकडे धड नावच नाही.

बरं, मग हे सहकार्य सगळं कागदीच का? नाही. एक गोष्ट खरोखर देशांच्या सीमा ओलांडून गेली, आणि ती कशी गेली हे बघण्यासारखं आहे.

१९९२ साली बर्मिंगहॅममध्ये ‘बुकट्रस्ट’च्या वेंडी कूलिंग यांच्या कल्पनेतून ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं. तीनशे बाळं. एक पिशवी: पुस्तक, ग्रंथालयाचं निमंत्रण, आईबापांसाठी थोडी माहिती. बाळाच्या आरोग्यतपासणीच्या वेळी ती आरोग्यसेविका हातात देणार. बस्स. बाळाला काय कळतंय पुस्तकातलं, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. बाळ पुस्तक चावतं, हे खरंच आहे. पण मुद्दा बाळाचा नव्हता, घरात पुस्तक शिरण्याचा होता.

ही कल्पना नेदरलंड्समध्ये गेली. तिथल्या भाषेतही ‘बुक’ला ‘बुक’च म्हणतात, स्पेलिंग तेवढं निराळं, त्यामुळे नावही फुकट मिळालं. पण तिथे पिशवी घरी येत नाही. बाळ तीन महिन्यांचं झालं की गावच्या प्रशासनाकडून पालकांना पत्र येतं, आणि पालकांनी ग्रंथालयात जाऊन छोटी सूटकेस घेऊन यायची. म्हणजे ग्रंथालयाचा उंबरठा आईबापांना ओलांडायला लावायचा, हा डच डाव. जर्मनीत ‘लेझेश्टार्ट’ झालं, तिथे पुस्तक आलं बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून, ठरावीक तपासणीच्या वेळी. इटलीत १९९९ पासून ‘नाती पेर लेज्जेरे’ चालू आहे, अर्थ ‘वाचण्यासाठी जन्मलेले’. त्यांनी धडा घेतला तो मुख्यतः अमेरिकेतल्या डॉक्टरांकडून, पण काम त्याच जातीचं. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि ग्रंथपाल यांनी जोडी जमवली, कारण इटालियन आई डॉक्टरचं ऐकते.

याला आम्ही भाषांतर म्हणू. उत्तम भाषांतरकार जे करतो तेच इथे झालं. शब्द बदलले, क्रम बदलला, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक देशाला एकाच प्रश्नाचं आपलं उत्तर शोधावं लागलं: पिशवी देणार कोण? इंग्लंडात आरोग्यसेविका, हॉलंडात ग्रंथपाल, इटलीत डॉक्टर. कर्ता आल्याशिवाय ही योजना एक पाऊल पुढे सरकतच नाही. अकरा अटींपैकी पहिल्या दोन, घरचं प्रोत्साहन आणि पालकांना मदत, इथे खऱ्या होतात आणि त्यांची क्रियापदं सरळ होतात.

परिणामांचं म्हणाल तर दावे जपून करावेत. बर्मिंगहॅमचा सुरुवातीचा अभ्यास लहान होता. पुढे नेदरलंड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी पाहिलं तेव्हा त्यांना भाषाविकासातला फायदा सरसकट सगळ्या बाळांत दिसला नाही. तो ठळक दिसला तो स्वभावाने चिडखोर, चटकन बिथरणाऱ्या बाळांमध्ये. आम्हांला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण त्यात कोणाचीही जाहिरात होत नाही. रडणाऱ्या बाळाला घेऊन बसलेल्या बाईला आणखी एक उपाय मिळाला, एवढंच तो सांगतो. आणि ते थोडं नाही.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग, जो परिषदांमधल्या भाषणांत सहसा येत नाही. डिसेंबर २०१०, ऐन नाताळाच्या तोंडावर, इंग्लंडच्या सरकारने बुकस्टार्टसह पुस्तकवाटपाच्या योजनांचं एक कोटी तीस लाख पौंडांचं अनुदान बंद करायचं ठरवलं. सगळा युरोप ज्या योजनेची नक्कल करत होता, तीच मूळ गावी बंद पडणार होती. ती वाचली, पण आंतरराष्ट्रीय जाळ्यामुळे नाही. फिलिप पुलमन, अँड्र्यू मोशन यांच्यासारख्या लेखकांनी जाहीर आरडाओरडा केला आणि सरकारने काही दिवसांत माघार घेतली. माघारही अर्धीच, पुढच्या वर्षी पैसे निम्म्याच्या आसपास आले. आणि ग्रंथालयं? ‘ग्रंथालयं सर्वांना खुली आणि सुसज्ज असतात’ हे वाक्य २०१६ मध्ये लिहिलं गेलं. २०१० ते २०१९ या काळात ब्रिटनमध्ये सुमारे ८०० सार्वजनिक ग्रंथालयं बंद झाली. त्या पिशवीतलं ग्रंथालयाचं निमंत्रण घेऊन जायचं कुठे?

जाहीरनाम्यातल्या कर्मणी प्रयोगाची खरी किंमत ही आहे. ‘ग्रंथालयं असतात’ असं लिहिलं की ग्रंथालय बंद करणाऱ्यालाही त्या वाक्याखाली सुखाने सही करता येते. बंद करणाऱ्याचं नाव वाक्यात नाही, मग वाक्य मोडलं कोणी? आपल्याकडे महाराष्ट्राचा १९६७ सालचा ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड वर्ग, तुटपुंजं आणि उशिरा येणारं अनुदान, याबद्दल गावोगावचे ग्रंथपाल जे बोलतात ते इथे सांगण्यासारखं नाही. पण निदान भांडायचं कोणाशी, मोर्चा कोणत्या कचेरीवर न्यायचा, हे त्यांना ठाऊक असतं.

आणि ते १५ टक्क्यांचं लक्ष्य? २००९ मध्ये प्रमाण सुमारे २० टक्के होतं. २०१८ मध्ये ते २२च्या पुढे गेलं, २०२२ मध्ये २६च्या आसपास. पाचांतलं एक मूल होतं, ते आता चारांतलं एक झालं. नेदरलंड्समध्ये, जिथे सूटकेस आहे, राजकन्या आहे, कदाचित युरोपातली सर्वांत नीटनेटकी वाचनसंस्था आहे, तिथे २०२२ मध्ये पंधरा वर्षांच्या दर तीन मुलांमधलं एक या रेषेच्या खाली होतं. २००० साली पहिला आलेला फिनलंडही तेव्हापासून बराच घसरला. हे अपयश वाचनसंस्थांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. महासाथीत शाळा बंद होत्या, मोबाइल आले, शिक्षकांचा तुटवडा आहे, आणि या संस्थांच्या हातात ना शाळा आहेत ना अंदाजपत्रक. पण एक प्रश्न विचारायला हरकत नाही. आकडे घसरत असताना या सगळ्या काळात एकाही संयुक्त मजकुराने एकाही देशाचं नाव घेऊन ‘तुम्ही हे चुकीचं करत आहात’ असं ठणकावल्याचं आमच्या वाचनात आलं नाही. शेजारधर्म पाळला गेला.

अपवाद म्हणून संशोधकांच्या एका गटाचं नाव घेतलं पाहिजे. पडद्यावरचं वाचन आणि कागदावरचं वाचन यांचा चार वर्षं अभ्यास करून त्यांनी २०१९च्या सुरुवातीला ‘स्टाव्हांगर घोषणापत्र’ काढलं. त्यांच्या मागे ५४ अभ्यासांचं, एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांचं एकत्रित विश्लेषण होतं. लांब माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो, असं ते स्वच्छ म्हणतात. याच्याशी तुम्ही भांडू शकता. शाळांना टॅब्लेट विकणारे भांडतातच. म्हणून तो मजकूर जिवंत आहे. २०२३ मध्ये याच वर्तुळातून ‘ल्युब्ल्याना वाचन जाहीरनामा’ आला. तो सखोल, वरच्या पातळीच्या वाचनाचा कैवार घेतो. भाषा देखणी आहे. फक्त त्यातला वाचक आधीच वाचक झालेला आहे. वाचता न येणाऱ्या चौथ्या मुलाला त्या मजकुरात जागा सापडत नाही.

शेवटी एका छोट्या बेटाबद्दल बोलतो. लॅम्पेदूझा. इटलीचं, पण आफ्रिकेच्या जास्त जवळचं. समुद्र ओलांडून येणारी माणसं तिथे उतरतात, काही उतरण्याआधीच बुडतात. त्यात मुलं असतात, आणि त्यांच्या भाषा इतक्या की एका कपाटात मावणार नाहीत. २०१२ मध्ये इबीने आपल्या देशोदेशीच्या शाखांना कळवलं: तुमच्याकडची उत्तम शब्दविरहित चित्रपुस्तकं पाठवा. वीसहून जास्त देशांतून पुस्तकं आली. एक संच रोममध्ये अभ्यासासाठी ठेवला, एक बेटावर.

आम्ही या उपक्रमाकडे दोन मनांनी पाहतो. मूल आणि पुस्तक यांच्या मधली भाषेची भिंत पाडायला त्यांनी भाषाच काढून घेतली, हे मनात सलतं. जाहीरनाम्याने भाषेचा प्रश्न गाळला, इथे शब्दच गाळले. आलेल्या मुलाची अरबी, तिग्रिन्या, बंगाली इथेही बाहेरच राहिली. पण फरकही आहे. इथे पुस्तक आहे. निवडलेलं, नाव असलेलं, उघडून दोन अनोळखी मुलांनी डोकं लावून बघण्यासारखं. आणि शब्द नसले की वरचढ कोणी राहत नाही. इटालियन मूल आणि नुकतं उतरलेलं मूल एकाच पानावर सारखंच अडतं.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावर कार्यकर्त्यांपुढे आली. ही पुस्तकं ठेवायची कुठे? हजारो माणसांच्या वस्तीच्या त्या बेटावर सार्वजनिक ग्रंथालयच नव्हतं. निर्वासितांच्या मुलांसाठी नव्हतं तसं मच्छीमारांच्या मुलांसाठीही नव्हतं. इटलीची शाळा होती, युरोपचा हक्क होता, ग्रंथालय नव्हतं. मग देशोदेशीचे स्वयंसेवक उन्हाळ्यात येऊन तात्पुरती शिबिरं घेऊ लागले, बेटावरची मुलं त्यांना पुस्तकं लावायला मदत करू लागली, आणि कायमचं ग्रंथालय उघडायला २०१७ उजाडलं.

आता प्रश्न घेऊ.